त्रेचाळीस एंटर

वासंतीबाईंचा एक नियम होता, आणि त्यावरून शाळेत त्यांची थट्टा व्हायची. अर्ज असो, यादी असो, नाहीतर गॅदरिंगची पत्रिका असो, कॉम्प्युटरवर जिचं नाव चढायचं तिनंच ते चढवायचं. बाई हात पाठीशी बांधून शेजारी उभ्या राहायच्या. मुलगी एका बोटानं अक्षरं शोधायची. स्वतःचं नाव, आईचं नाव, गाव, जन्मतारीख. एवढ्याला कधी दहा मिनिटं लागायची. शेवटी बाई म्हणायच्या, "आता एंटर. तूच दाब." पडद्यावरची उभी रेघ खालच्या ओळीवर उतरायची, मुलगी उठायची, दुसरी बसायची.

"बाई, तुम्ही एकट्या बसलात तर अर्ध्या तासात यादी होईल," हेडमास्तर म्हणायचे.

"होईल की. पण मग ती माझी यादी होईल."

शाळा तलासरीच्या पूर्वेला, हायवे सोडून बरंच आत. दहावीपर्यंतची. वासंतीबाई तिथं क्लार्क म्हणून लागल्या त्याला एकतीस वर्षं झाली. मूळच्या त्या सायवनच्या. डोंगराच्या उतारावर नाचणी, खाली थोडं भात, अशी घरची शेती. पाच भावंडांत दहावी पास झाल्या त्या एकट्याच. पुढे डहाणूला मावशीकडे राहून मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि त्या एका सर्टिफिकेटवर नोकरी मिळाली. सात वर्षांपूर्वी कुणीतरी शाळेला दहा जुने कॉम्प्युटर दिले, तेव्हा "टायपिंग येतं ना, मग तुम्हीच बघा" म्हणून खोलीची किल्ली त्यांच्या हातात आली. मशीन लावायला मुंबईहून दोन मुलं आली होती. त्यांनी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं, कारण ते फुकट होतं आणि जुन्या मशीनवरही चालत होतं. वहीत चार पानं सूचना लिहून देऊन ती मुलं गेली. त्या चार पानांवर बाईंनी सात वर्षांत तीनशेच्या वर मुली शिकवल्या.

त्या फार बोलत नसत. रागावल्या तर आवाज चढत नसे, उलट खाली जाई. मुलींना हे ठाऊक होतं. बाई हळू बोलायला लागल्या की वर्ग गप्प व्हायचा.

यंदा दहावी झालेल्या त्रेचाळीस मुलींनी एका परीक्षेचा अर्ज भरला होता. डहाणू रोडला किनारा शिक्षण मंडळाचं मुलींचं वसतिगृह आहे. राहणं, जेवण, अकरावी-बारावी सायन्स, सगळं मंडळाकडे. आत जायला परीक्षा द्यावी लागते. मंडळाची नोटीस आली होती: यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवावी, एका ओळीत एक मुलगी, शेवटची तारीख तीस मे. बाईंनी मुलींना सुटीत बोलावून नेहमीसारखं एकेकीला बसवलं. भिकी पहिली, तिच्यामागे बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी रविना. फाइल अठ्ठावीसलाच मेलनं गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलतिकिटं आली. बाईंनी पाकीट उघडलं. आत एकच कागद होता. भिकीचा.

बाईंनी पाकीट उलटं करून झटकलं. परत आत बघितलं. भिकीनं आपलं तिकीट कपड्यांच्या पेटीच्या तळाशी लपवलं आणि दोन दिवस ती मैत्रिणींत बसली नाही. जणू तिनंच कुणाचं तरी काही उचललं होतं.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी सकाळी बाई डहाणूला निघाल्या, तर जीपच्या थांब्यावर रविना आणि तिची आई तानी उभ्या.

"बाई, हिला घेऊन जा," तानी म्हणाली. "हिचं नाव त्यांत गेलंच नाय म्हणतात. ती तिच्या डोळ्यानं बघू दे. नसंल तर नसंल. एक तारखेला फुग्याच्या कारखान्यात जायची, मोठीच्या जोडीला. माणूस येऊन विचारून गेलाय."

तानीनं हे चिडून सांगितलं नाही. उद्या बाजार आहे म्हणावं तसं सांगितलं. बाईंना त्याचाच जास्त त्रास झाला.

मंडळाचं ऑफिस बाजारातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. कार्यवाह सुदर्शनसर टेबलाशी, आणि खिडकीपाशी कॉम्प्युटरवर श्रुतिका, वर्षभरापूर्वी लागलेली. तिचे वडील रेल्वेत, क्वार्टर स्टेशनालगत.

सरांनी बसा म्हटलं, चहा सांगितला, आणि मग हसून आपल्या टेबलावरचा पडदा बाईंकडे वळवला. जुनं मशीन, त्यावर नोटपॅड उघडलेलं. भिकीचं नाव, तिच्या आईचं, गाव, तारीख, आणि त्याला चिकटूनच पुढचं नाव, त्याला चिकटून त्याच्या पुढचं. सगळी यादी एकाच ओळीत, पडद्याच्या उजव्या कडेबाहेर कुठवर तरी गेलेली.

"बघा, वासंतीबाई. नोटिशीत काय लिहिलेलं? एका ओळीत एक मुलगी. तुम्ही एका ओळीत अख्खी शाळा घातलीत."

"असं नाही पाठवलं आम्ही."

"मग काय माझ्याकडे येता येता चिकटल्या? तुमच्याकडे लाइट जाते तशी एंटरची कीपण गेली होती काय?" आपल्याच विनोदावर ते थोडे हसले. "राग मानू नका. पण पोरींनी एंटरच दाबलेलं नाही. प्रोग्रॅम ओळी मोजतो. एक ओळ, एक मुलगी. त्यानं पहिली घेतली, बाकीचं टाकून दिलं. त्याचा काय दोष?"

"सर, प्रत्येकीनं एंटर दाबलंय. मी उभी होते तिथं."

"कुणाचं तरी राहून जातं, बाई."

"त्रेचाळीसजणींचं?"

"आता यादी बंद झाली. पुढच्या वर्षी नीट पाठवा. मी स्वतः लक्ष घालीन."

पुढच्या वर्षी. शहरातल्या माणसाला हा शब्द किती सोपा वाटतो, असं बाईंच्या मनात आलं. त्याच्या घरी पुढचं वर्ष कॅलेंडरवर टांगलेलं असतं. तानीच्या घरी एक तारखेच्या पुढे काही टांगलेलं नव्हतं.

चहा न घेता त्या उठल्या. जिन्यात रविना दोन पायऱ्या मागे राहिली.

"बाई."

"काय गं?"

"मी दाबलं होतं ना?"

बाई थांबल्या. मुलगी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मला वाटतं दाबलं होतं," रविना म्हणाली. "पण सर म्हणाले ना... शेवटची होते म्हणून घाईत राहिलं असंल. माझ्यामुळं सगळ्यांचं..."

तीस सेकंदांपूर्वी बाईंना वाटत होतं की हरलो, आता हेडमास्तरांकडून पत्र आणू, आणखी कुणाकडे जाऊ. ते सगळं त्या जिन्यात विझलं आणि त्याच्या जागी अंगाची नुसती लाही झाली. जागा गेली ती गेलीच. वर ह्या माणसानं हसत हसत मुलीला तिच्याच बोटावर अविश्वास दाखवायला शिकवलं होतं. सोळा वर्षांची पोर. एकेक अक्षर शोधून तिनं स्वतःचं नाव ह्या यादीत चढवलं होतं.

"चल वर," त्या म्हणाल्या. फार हळू.

त्या सरांच्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. थेट खिडकीशी गेल्या.

"श्रुतिका, बाळा, आमची फाइल तुझ्याकडे आहे?"

"आहे, मॅडम."

"नोटपॅड सोडून दुसऱ्या कशात उघडता येते?"

श्रुतिकानं सरांकडे बघितलं. सर फोनवर होते. तिनं फाइल एका वेगळ्या एडिटरमध्ये उघडली.

यादी सरळ उभी राहिली. एकाखाली एक. वर भिकी, तळाला रविना, तिच्या आईचं नाव, गाव, तारीख. त्रेचाळीस ओळी.

"अय्या," श्रुतिका म्हणाली.

"तू नव्हतं बघितलंस हे?"

"मॅडम, मी फाइल आत टाकते. प्रोग्रॅम सांगतो एक नोंद. मला वाटलं एकच मुलगी असेल."

"अख्ख्या शाळेतून?"

"मला शाळा दिसत नाही, मॅडम. आकडा दिसतो." मुलगी ओशाळली, आणि मग कुठल्याशा बटणावर क्लिक करत म्हणाली, "थांबा. ह्यात न दिसणारी चिन्हंपण दाखवता येतात."

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी काळी चौकट उमटली. चौकटीत दोन इंग्रजी अक्षरं, एलएफ. श्रुतिकानं डहाणूच्या एका शाळेची फाइल शेजारी उघडली. तिथं प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चौकटी होत्या: सीआर, आणि मग एलएफ.

बाई वाकून बघत राहिल्या. आणि त्यांच्या डाव्या हाताला ते डोक्याच्या आधी कळलं.

टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं करावी लागत. कागदाचा गाडा ढकलून ओळीच्या सुरुवातीला न्यायचा, हे एक. रूळ फिरवून कागद एक ओळ वर घ्यायचा, हे दुसरं. डाव्या हाताचा दांडा दोन्ही एका झटक्यात करायचा, पण कामं दोनच होती. क्लासमधल्या एका जुन्या मशीनचा दांडा मोडका होता, त्यावर दोन्ही वेगवेगळी करावी लागत. नुसता रूळ फिरवला तर अक्षरं जिन्यासारखी उतरत जायची. नुसता गाडा ढकलला तर लिहिलेल्यावरच लिहिलं जायचं.

"सीआर म्हणजे गाडा मागे," त्या म्हणाल्या. "एलएफ म्हणजे कागद वर. आमच्या मशीनवर लिनक्स आहे. तुमच्याकडे विंडोज. तुमचं मशीन अजून दोन्ही खुणा करतं. आमचं म्हणतं, एक पुरे. गाडा आहेच कुठे आता ढकलायला?"

"हो, मॅडम," श्रुतिका म्हणाली. "कॉलेजात शिकवलं होतं हे. मी विसरलेच."

"म्हणजे खूण आहे."

"आहे ना. त्रेचाळीस आहेत. आपला प्रोग्रॅम दोन खुणांची वाट बघत बसला."

बाईंनी रविनाला पुढे घेतलं. "शेवटची ओळ बघ. तुझं नाव. त्याच्यापुढे काय आहे?"

"चौकट."

"ते तुझं एंटर. तू दाबलेलं."

रविनानं पडद्यावरच्या चौकटीला बोट लावलं.

तोवर सर उठून आले होते. "काय चाललंय?"

श्रुतिकानं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि चूक सापडल्यावर काही माणसं जशी आणखीच सरळ उभी राहतात तसे ते उभे राहिले. "ते असेल. पण फाइल तुमचीच वेगळी होती ना? बाकी शाळांच्या बरोब्बर आल्या."

"नोटिशीत लिहिलं होतं का, कुठल्या मशीनवरून पाठवायची ते?"

"ते सांगावं लागतं का?"

"प्रोग्रॅम कुणी केला तुमचा?"

सरांना वाटलं, त्यानंच आपली बाजू घ्यावी. त्यांनी वापीला, प्रोग्रॅम करून देणाऱ्या रोशनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"केम साहेब, मजामां?"

"रोशन, एका शाळेची फाइल लिनक्सवरून आलीय. आपला प्रोग्रॅम ती एकच ओळ धरतो. असं होतं का?"

"होनारच ना, साहेब! तो फक्त विंडोजवाला शेवट ओळखतो. मी तुम्हाला गेल्या वर्षीच बोललेलो. बोललेलो का नाय? शाळांना कळवा, नायतर मला सांगा, अर्ध्या तासाचं काम, दोन्ही शेवट चालतील असं करून देतो. तुम्ही बोलला, राहू दे, कोन पाठवतो लिनक्सवरून."

सरांनी फोन बंद केला.

"कोण पाठवतो," वासंतीबाई म्हणाल्या. "आम्ही पाठवतो, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. मी माणूस वाईट नाही, बाई. शाळेकडून एक पत्र लिहून द्या. 'आमच्या चुकीमुळे फाइल सदोष गेली, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.' लगेच तिकिटं काढतो."

श्रुतिकानं बाईंकडे बघितलं. लिहून द्या आणि मोकळ्या व्हा, असं त्या नजरेत होतं. आणि ते खरंही होतं. एक ओळ, खाली सही, की बेचाळीस मुली रविवारी बाकावर. बाईंनी पेन उचललंसुद्धा. 'आमच्या' हा शब्द लिहिला. शेजारी रविना तो वाचत होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे नाही लिहिणार मी."

"बाई, मुलींचं नुकसान कराल नुसत्या ताठ्यापायी."

"मुलींचं नुकसान तुम्ही केलंत, सर. मी ते माझ्या हातानं मुलींच्या नावावर लिहायचं? हे पत्र फाइलला लागेल. उद्या कुणी उघडलं तर दिसेल, तलासरीच्या पोरींना एंटर दाबता येत नाही. मग पुढच्या वर्षी तुमचं सगळ्यांचं एकमत, की ह्यांना काही येत नाहीच." आवाज इतका खाली गेला होता की सरांना पुढे वाकावं लागलं. "यादी वेळेत आली. बरोबर आली. तुम्हाला वाचता आली नाही. हे तुम्ही लिहा. मी बसते. रविवारपर्यंत बसते. ही पोर पण बसेल."

रविनानं लगेच एक खुर्ची ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर कर्कश वाजले.

"सर," श्रुतिका म्हणाली. "मी कन्व्हर्ट केलीय फाइल. आत टाकली. त्रेचाळीस नोंदी दाखवतोय. प्रिंट देऊ?"

सरांनी लेटरहेडचा कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मंडळाच्या प्रणालीतील त्रुटीमुळे'. 'काही तांत्रिक कारणामुळे' असं त्यांनी आधी लिहिलं होतं. बाईंनी त्यावर नुसतं बोट ठेवलं, आणि त्यांनी ते खोडलं.

प्रिंटर सुरू झाला. रविना प्रत्येक तिकीट हातात घेऊन नाव मोठ्यानं वाचत होती. बेचाळीस.

इथं बाई उठून निघायला हव्या होत्या. काम झालं होतं. पण रोशनचं एक वाक्य त्यांच्या कानात कुसळासारखं राहिलं होतं. गेल्या वर्षीच बोललेलो.

"श्रुतिका, गेल्या वर्षी अशी एकच मुलगी आलेली शाळा कुठली होती का?"

"बाई, गेल्या वर्षीचं आता कशाला?" सर म्हणाले.

श्रुतिकानं शोधायला सुरुवात केलीच होती. कैनाडकडची एक शाळा. नोंदी: एक. तिनं मूळ फाइल उघडली. काळ्या चौकटी रांगेनं खाली उतरत गेल्या. एकोणतीस.

एकोणतीस मुली. त्यांच्यासाठी कुणी जिना चढलं नव्हतं. एक तिकीट आलं, शाळेनं ते दिलं, बाकीच्यांना वाटलं असेल, असंच असतं.

"ह्यांचे अर्ज वेळेत आले होते," बाई म्हणाल्या. "वर्षभर तुमच्याकडे पडून आहेत."

"आता वर्ष गेलं त्याला!"

"गेलं नाही, सर. तुम्ही घालवलंत."

सरांनी डोळे मिटले. "रविवारी सकाळी ज्या येतील त्यांना बसवीन. पण लिहून देणार नाही."

"यादी छापून द्या."

शुक्रवारी आणि शनिवारी वासंतीबाई रजा टाकून कैनाडच्या पाड्यांवर फिरल्या. हातात एकोणतीस नावांचा कागद. त्यातल्या एकीला तिकीट मिळालं होतं, राहिल्या अठ्ठावीस. अकराजणी भेटल्या. दोघींची लग्नं झाली होती. एकीच्या कडेवर मूल होतं, ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि आत गेली. पाचजणी कारखान्यात लागल्या होत्या. त्यांच्यातली एक सुटी मिळणार नाही म्हणून रडली, आणि रविवारी आली. तिला धरून चौघी आल्या. वर्षभर पुस्तक हातात न धरलेल्या चौघी, तलासरीच्या त्रेचाळीसजणींच्या मागच्या बाकांवर.

रविना पास झाली. भिकीही. मंडळाच्या नव्या नोटिशीत आता एक ओळ जास्त आहे, कुठल्याही मशीनवरून पाठवलेली फाइल चालेल म्हणून. शाळेत कुणी बाईंचं कौतुक केलं की त्या विषय बदलतात. बेचाळीस तिकिटं आणली, हे त्यांच्या लेखी कौतुकाचं नाही. ती मुलींचीच होती.

कैनाडकडच्या सतराजणी अजून सापडलेल्या नाहीत. कुणी भिवंडीच्या बाजूला कामाला, कुणी गुजरातेत, कुणाचा पत्ताच नाही. त्या जिथं असतील तिथं त्यांना आजही वाटतंय, की आपल्याला निवडलं नाही.